वाचकांचे प्रश्न : रानातल्या खेळात कौशल्य कशाने वाढावे?

रानात एकट्याने तगून राहण्याच्या व्हिडिओ गेमविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. खेळातले पात्र हळूहळू शिकत जाते, ते कशाच्या जोरावर आणि किती वेगाने शिकावे, असे वाचक विचारतात. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र सह्याद्रीत घडणारा एक सर्व्हायव्हल गेम तयार करत आहोत. आग पेटवणे, मासेमारी, फासे लावणे, शिवण अशी कौशल्ये असून प्रत्येक कौशल्य ० ते १०० असे मोजले जाते आणि प्रत्येक प्रयत्नामागे एक गुण मिळतो. चाचणीसाठी खेळणाऱ्या आमच्या इतर मित्रांपैकी काहींनी गुहेच्या तोंडाशी लाकूडफाटा जमवला आणि आग पेटवायची, विझवायची, पुन्हा पेटवायची असे करत खेळातल्या तिसऱ्या दिवशी शंभर गुण गाठले. आम्ही गुण निम्मे केले, तर त्यांनी दुप्पट वेळ तेच केले. जे सरळ खेळत होते त्यांना मात्र पावसात आग धरेनाशी झाली. आता काय करावे?
— एक वाचक, खारघर

उत्तर : तुमच्या मित्रांनी लबाडी केलेली नाही. गेम ज्या गोष्टीचे दाम मोजतो तीच गोष्ट खेळाडू करतो, आणि तुमचा गेम नुसती काडी ओढण्याचे दाम मोजत आहे. हे दुखणे जुने आहे. १९८८ सालच्या ‘फायनल फँटसी २’ मध्ये मार खाल्ल्याने पात्राची सोसण्याची ताकद वाढत असे, म्हणून खेळाडू शत्रूला सोडून आपल्याच साथीदारांवर वार करीत बसत. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ मध्ये उडी मारण्याचे कौशल्य उड्या मारूनच वाढत असल्याने सरळ चालत जाणारा खेळाडू दिसणे दुर्मीळ झाले होते. २०११ च्या ‘स्कायरिम’ मध्ये लोहारकाम वाढवण्यासाठी लोकांनी लोखंडी खंजिरांचे ढीग रचले. पुढच्या एका दुरुस्तीत वस्तूच्या किमतीनुसार गुण देण्याची सोय झाली, तेव्हा तेच लोक सोन्याचे दागिने घडवू लागले. एक पळवाट बुजवली की शेजारची उघडते, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

गुण निम्मे केल्याने सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि इथे तर ओलेच अधिक जळले. जो नुसता काड्या ओढत बसतो त्याच्याकडे वेळच वेळ असतो आणि त्याला आणखी तासभर बसावे लागते, एवढेच. सरळ खेळणारा दिवसाकाठी दोन आगी पेटवतो, एक स्वयंपाकाला आणि एक रात्रीच्या उबेला. त्याचे शिक्षण मात्र आठवड्यांनी लांबते. तेव्हा गुणांचा आकडा बदलण्याआधी गुण कशाशी बांधले आहेत ते बदलावे लागेल.

ते प्रयत्नांच्या संख्येऐवजी प्रयत्नातल्या अनिश्चिततेशी बांधावेत, असे मी सुचवीन. आग धरेल की नाही याची शंका जिथे सर्वाधिक, तिथे शिकण्यासारखेही सर्वाधिक असते. हिशेब सोपा आहे. यशाची शक्यता आणि अपयशाची शक्यता यांचा गुणाकार करून त्याला चाराने गुणावे. शक्यता निम्मी-निम्मी असेल तर पूर्ण १ गुण मिळतो, यशाची खात्री ९० टक्के असेल तर ०.३६ आणि ९८ टक्के असेल तर जेमतेम ०.०८. म्हणजे वैशाखात कडक वाळलेल्या पाचोळ्यावर काड्या ओढून कोणी निष्णात होणार नाही, आणि आषाढात भिजलेल्या लाकडावर घाम गाळणाऱ्याला त्याचे फळ मिळेल. तुमच्या गेमची जागा इथे तुमच्या मदतीला येते. ठाणे-रायगडच्या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. उत्तर कॅनडाच्या बर्फात घडणाऱ्या ‘द लाँग डार्क’ ला अशी टोकाची ओली-सुकी विभागणी मिळत नाही. तुम्हाला ती आयतीच मिळाली आहे.

या सूत्रात एक खाच आहे आणि ती लक्षात न आल्यास रोगापेक्षा उपाय भयंकर ठरेल. समजा, एखाद्या खेळाडूने पावसाळ्यात डोके चालवले. जमिनीवर पडून भिजलेले ओंडके न उचलता त्याने झाडावर उभ्या उभ्या वाळलेली फांदी तोडली, तिची ओली साल सोलली, आतल्या कोरड्या गाभ्याच्या बारीक ढलप्या काढल्या आणि उद्याचे सरपण आजच्या विस्तवाशेजारी शेकत ठेवले. आता त्याच्या यशाची शक्यता निम्म्यावरून ९० टक्क्यांवर गेली, आणि वरच्या सूत्राने त्याचे गुण मात्र एकावरून ०.३६ वर घसरले. ज्याने काहीच तयारी केली नाही तो अधिक शिकला, असा उफराटा न्याय होतो. म्हणून दोन हिशेब वेगळे ठेवावेत. आग धरली की नाही हे ठरवताना तयारीसकट असलेली शक्यता वापरावी. गुण ठरवताना मात्र पाऊस, वारा, ऋतू आणि पात्राचे आजचे कौशल्य एवढेच धरून, तयारी वगळून, शक्यता मोजावी. मग शहाण्याला आगही मिळते आणि गुणही मिळतात. माझ्या मते या संपूर्ण उत्तरात अमलात आणण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ती ही.

उरला प्रश्न एकाच जागी बसून तेच ते करण्याचा. दिवसाला अमुकच गुण असा दंडक घातला की खेळाडूला भिंतीवर डोके आपटल्यासारखे वाटते, शिवाय मर्यादा कुठे आहे ते कळल्यावर तो रोज बरोबर तेवढेच करून थांबतो. त्यापेक्षा चोवीस तासांतल्या पहिल्या प्रयत्नाला पूर्ण गुण, दुसऱ्याला अर्धे, तिसऱ्याला पाव, असे उतरते ठेवावे. एक अधिक अर्धा अधिक पाव, ही बेरीज कितीही लांबवली तरी दोनच्या पुढे जात नाही. आषाढातला सरळ खेळाडू दोन आगींत दीड गुण कमावतो, तर दिवसभर काड्या ओढणाऱ्याला दोनही गाठता येत नाहीत. मग तुम्ही मूळ गुण तीन केलेत तरी चालते, कारण पहिल्याला साडेचार आणि दुसऱ्याला सहाच्या आत, एवढाच फरक राहतो. ही मोजणी पात्र झोपून उठले की पुन्हा शून्यावर आणू नका. तसे केल्यास खेळाडू दिवसातून पाच वेळा डुलक्या काढतील. घड्याळाच्या तासांबरोबर ती हळूहळू ओसरू द्या.

अपयशाला गुण द्यावेत का, याचे उत्तर होय, पण यशाच्या निम्मे. अजिबात दिले नाहीत तर नवख्याचा दुहेरी मार होतो, कारण त्याला आगही मिळत नाही आणि ती का मिळाली नाही याचा धडाही मिळत नाही. आणि प्रत्येक प्रयत्नाला, तो फसला तरी, हातातले काहीतरी खर्च झालेच पाहिजे. तुमच्या मित्रांच्या गुहेत विझवलेल्या आगीतले लाकूड जसेच्या तसे परत हाती येत असणार, एरवी त्यांचा ढीग तीन दिवस पुरला नसता. काटक्या जळून जाव्यात, ओंडक्याचा अर्धा कोळसा व्हावा, काडी एक कमी व्हावी आणि दिवसाचा उजेड थोडा सरावा. एवढे केल्यावरही कोणी हौसेने पावसात भिजत आगी पेटवत बसला तर त्याला बसू द्या. त्याने उपाशी राहून आणि गारठून त्याची किंमत मोजलेली असते.

प्रश्न : दर जूनमध्ये ठाणे स्टेशनजवळच्या बाजारात आदिवासी बायका शेवळे घेऊन बसतात आणि आमच्या घरी ती न चुकता येतात. आजीने मला शेवळ एकदाच दाखवले, एकदाच साफ करायला शिकवले, आणि ते मी विसरले नाही. पण मी जे गेम खेळते त्यात ‘वनस्पतींची ओळख’ हे कौशल्यही शंभर गुणांचे असते आणि एकच पाला सतत खुडत राहिले की अचानक दुसऱ्याच कंदाची माहिती पात्राला होते. हे मनाला पटत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : न पटणे अगदी रास्त आहे, कारण दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जात आहेत. फासा बांधणे, माशाचा गळ टाकणे, ओल्या लाकडावर फुंकर घालणे यांत हात बसावा लागतो आणि हात हळूहळूच बसतो. ओळख मात्र एका क्षणात होते. जे काल माहीत नव्हते ते आज माहीत झाले, मधली सत्तेचाळीस टक्के ओळख असे काही नसते. म्हणून माहितीला गुणांची शिडी न लावता ती एकेक करून मिळालेली नोंद म्हणून ठेवावी. शेवळाची नोंद वेगळी, टाकळ्याची वेगळी, फोडशीची वेगळी, आणि एकीमुळे दुसरी आपोआप उघडणार नाही.

तुमच्याच शेवळाचे उदाहरण घेऊन पाहू. पहिला पाऊस पडला की ते जमिनीतून वर येते आणि थोडेच दिवस टिकते. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते. म्हणून बाहेरचे आवरण उलगडून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. विकणाऱ्या बायका शेवळांबरोबर काकडे ठेवतात ती याचसाठी. आता हे गेममध्ये आणायचे तर त्यात तीन वेगळ्या नोंदी आहेत. शेवळ खाण्याजोगे आहे ही एक, त्यातला कोणता भाग टाकायचा ही दुसरी, आणि सोबत आंबट हवे ही तिसरी. पहिलीच नोंद मिळालेल्या पात्राने भाजी खाल्ली तर त्याचा घसा सुजेल, पुढचे काही तास त्याला पाणी गिळणेही जड जाईल, आणि याच अनुभवातून दुसरी नोंद मिळण्याची वाट उघडेल. हे शंभर वेळा पाला खुडण्यापेक्षा कितीतरी रंजक आहे.

यावर आक्षेप असा घेता येतो की अशी माहिती पात्राच्या आधी खेळाडूला होते. एकदा खेळून झाले की दुसऱ्या खेपेला तो पहिल्या दिवसापासून सगळे जाणून असतो. २०१३ च्या मूळ ‘डोन्ट स्टार्व्ह’ ने तर हेच तत्त्व मानले होते. त्यात पात्राला कौशल्याचे गुण चढतच नाहीत, शिकतो तो खेळाडू. ‘रॉग’ आणि ‘नेटहॅक’ यांसारख्या जुन्या खेळांनी यावर तोड काढली ती अशी की दर खेपेला औषधांचे रंग बदलून टाकायचे. काल्पनिक कुप्यांच्या बाबतीत ते शोभते, पण खऱ्या सह्याद्रीवर बेतलेल्या गेममध्ये या खेपेला शेवळ गोड आणि पुढच्या खेपेला विषारी असे करणे मला गैर वाटते. वनस्पती आहे तशीच ठेवावी आणि ती कुठल्या उतारावर, कोणत्या आठवड्यात उगवेल ते बदलावे. येऊरच्या रानात हिंडणाऱ्या माणसाचे निम्मे ज्ञान हे ‘काय’ पेक्षा ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ याचेच असते. (गेममध्ये पाहून कोणी खरोखरची रानभाजी खुडायला जाऊ नये, हे सांगावे लागू नये, तरी सांगून ठेवतो.)

प्रश्न : अनेक गेममध्ये पुस्तक वाचले की कौशल्य वाढते. आरामात बसून वाचणाऱ्याला हा फुकटचा फायदा नाही का?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : ते पुस्तक नेमके काय देते यावर हे अवलंबून आहे. ‘द लाँग डार्क’ मध्ये काही तास वाचन पूर्ण केले की थेट गुण मिळतात, पण ते तास भुकेचे आणि तहानेचे असतात, आणि बाहेर हिमवादळ घोंगावत असताना करण्याजोगे दुसरे काम नसते. रिकाम्या वेळाला काम मिळते, म्हणून तिथे ते खपून जाते. ‘प्रोजेक्ट झॉम्बॉइड’ मधली कौशल्याची पुस्तके गुण न देता पुढच्या कामातून मिळणाऱ्या गुणांचा वेग वाढवतात. सुतारकामाचे पुस्तक वाचून करवत हाती घेतलीच नाही तर हाती काही लागत नाही. ‘कॅटाक्लिझम : डार्क डेज अहेड’ ने पुस्तकी ज्ञान आणि हातचे ज्ञान असे दोन वेगळे आकडेच ठेवले आहेत. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. मात्र सह्याद्रीच्या रानात पुस्तके सापडत राहणे अंमळ विचित्र दिसेल. तिथे पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या माणसासोबत एक दिवस घालवावा, त्या बदल्यात त्याचे काही काम करून द्यावे आणि त्यानंतर काही दिवस त्या कौशल्याचे गुण दुपटीने मिळावेत, हे शोभेल.

प्रश्न : पात्र मेल्यावर कौशल्य कमी करावे का? आणि बरेच दिवस न वापरलेले कौशल्य विसरले जावे का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : मेल्यावर पात्र पुन्हा उभे राहणार असेल तर थोडी घट ठीक आहे. २०२१ साली आलेल्या ‘व्हॅलहाइम’ मध्ये मरणाऱ्याची सगळी कौशल्ये मुळात ५ टक्क्यांनी घटतात, आणि लागोपाठ मरणाऱ्याला ती शिक्षा पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून काही मिनिटांची सूटही दिलेली आहे. ही टक्केवारीची घट नवख्याला जाणवत नाही आणि मुरलेल्याला चांगलीच झोंबते, कारण दहाचे पाच टक्के अर्धा गुण होतो आणि ऐंशीचे चार गुण. मुरलेल्याने जपून राहावे असा हेतू असेल तर ते योग्यच आहे. ज्या गेममध्ये मरण कायमचे आहे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

विसरण्याच्या मी विरोधात आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली विस्मरणाचा जो प्रसिद्ध आलेख मांडला तो निरर्थक अक्षरसमूह पाठ करण्याच्या प्रयोगांतून आला होता, आणि गेम बनवणारे तो बिनदिक्कत हातच्या कामांना लावतात. पोहायला शिकलेला माणूस दहा वर्षांनी पाण्यात उतरला तर दमतो, पण बुडत नाही. शिवाय चार महिने पावसाने मासेमारी बंद पाडली आणि मग गेमने तुमचे मासेमारीचे गुण कापले, तर तो दुष्काळात तेरावा महिनाच.

प्रश्न : आमच्या गेममध्ये प्रत्येक गुणामागे यशाची शक्यता अर्ध्या टक्क्याने वाढते, पण खेळणारे म्हणतात की काही बदलल्यासारखे वाटत नाही. शिवाय एकंदर समतोल जमला की नाही, हे ओळखायचे कसे?
— खारघरच्याच वाचकाचे दुसरे पत्र

उत्तर : अर्धा टक्का कोणालाच जाणवणार नाही. बासष्टचे साडेबासष्ट झाले हे फक्त संगणकाला कळते. ‘द लाँग डार्क’ मध्ये प्रत्येक कौशल्याच्या पाचच पातळ्या आहेत. आग पेटवण्याच्या तिसऱ्या पातळीला पोहोचल्यावर आग लावायला पेटवण लागत नाही, आणि स्वयंपाकाच्या पाचव्या पातळीनंतर खराब झालेले मांसही शिजवून बिनधास्त खाता येते. आकडा वाढण्यासोबत खेळाडूच्या निर्णयांत काहीतरी बदलते. काल जे सोबत वागवावे लागत होते ते आज वागवावे लागत नाही, काल जे टाकून द्यावे लागत होते ते आज खाता येते. तुमचे शंभर गुण पडद्याआड राहू द्या आणि खेळाडूला चार-पाच टप्पे दाखवा. आषाढात पहिली आग धरणे हा पहिला टप्पा असावा, रात्रभर विस्तव राखेखाली जिवंत ठेवून सकाळी काडीशिवाय फुलवणे हा मधला. हा टप्पा गाठलेल्या खेळाडूला काड्यांची चिंता उरत नाही, पण सकाळी मुक्काम हलवायचा की विस्तव राखायचा, असा नवा पेच त्याच्यापुढे पडतो. शेवटचा टप्पा असा नको की ज्यानंतर पाऊसच निरर्थक ठरेल. निष्णात माणसालाही पागोळ्याखाली आग पेटवता येऊ नये.

समतोल तपासण्यासाठी खेळाडूंची मते विचारण्याआधी मरणांच्या नोंदी पाहा. प्रत्येक पात्र मेले त्या दिवशी ऋतू कोणता होता, मरणाचे कारण काय होते आणि त्या कारणाशी जोडलेले कौशल्य किती होते, या तीन गोष्टी आपोआप नोंदल्या जातील अशी सोय करा. पहिल्या पावसात गारठून मेलेल्यांचे आगीचे गुण सातत्याने तळाला असतील तर नवख्याची सुरुवातीची शक्यता वाढवा. निम्म्या गुणांवरचे आणि शंभर गुणांवरचे सारख्याच संख्येने मरत असतील तर वरच्या टप्प्यांना काही अर्थ उरलेला नाही. आणि चाचणीच्या प्रत्येक फेरीत गुहेच्या तोंडाशी बसणाऱ्या त्या मित्रांपैकी एकाला मुद्दाम सामील करून घ्या. कमीत कमी हालचाल करून जास्तीत जास्त गुण मिळवायचे, एवढेच काम त्याला द्या, आणि तो कुठे ठाण मांडून बसतो तिथून पुढच्या दुरुस्तीला सुरुवात करा.